घरसंसार : जॉबकार्ड मागून घ्या



कर्ज काढून घेतलेली स्कूटर बंद पडली तरी हप्ता बंद पडत नाही, हे आम्हाला गेल्या पावसाळ्यात कळले. मुलगा अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळीला जातो. गाडी घेऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच ती तापली की रस्त्यातच बंद पडू लागली. दोन खाडे झाले, पगार कापला गेला.

डीलरकडे नेली. काउंटरवरचा मुलगा गोड बोलला, "काका, वॉरंटीत आहे, टेन्शन घेऊ नका." चार दिवस ठेवून गाडी परत दिली. आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सूर बदलला. "पेट्रोलमध्ये पाणी आहे. वॉरंटीत बसत नाही, साडेचार हजार भरा." अहो, याआधी दोनदा आणली होती की! तो कॉम्प्युटरमध्ये पाहून म्हणाला, "एकदाच आलेली दिसते, धुवायला."

चूक आमचीही होती. दोन्ही वेळा जॉबकार्ड मागितलेच नाही. शोरूमच्या काचेच्या दारातून आत शिरताना आपला माणूस अजूनही अंग चोरतो, समोरचा म्हणेल ते खरे धरतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, पण कोर्टातला दावा १९३७ पर्यंत चालला. वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे समोरच्यांना पुराव्याने दाखवता आले नाही, म्हणून हायकोर्टात ते हरले. जयंतीच्या भाषणात आम्ही हे सांगतो, आणि स्वतःच्या गाडीचा कागद मात्र घेत नाही!

शेवटी सूनबाईने वॉरंटीचे पुस्तक काढून वाचले आणि अर्ज लिहिला : पेट्रोल खराब आहे असे म्हणता, तर ते कसे तपासले हे लेखी द्या. एक प्रत डीलरला, एक स्पीड पोस्टाने कंपनीला, तिसरीवर पोचेचा शिक्का. काउंटरवाला शिक्का देईना. सूनबाई तिथल्याच बाकावर बसून राहिली. तासाभराने मॅनेजर आला, शिक्का मिळाला.

जॉबकार्डही या वेळी आमच्या शब्दांत लिहून घेतले : 'गाडी तापल्यावर चालता चालता बंद पडते, तिसरी वेळ.' ते लोक नुसते 'जनरल चेकअप' लिहितात, तसे लिहू देऊ नका. तारीख, किलोमीटर आणि गाडी परत कधी मिळणार, हेही त्यावर हवे.

एवढ्यावर भागले नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवे.

आमचे तिथवर गेले नाही. दहाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. फ्युएल पंपच खराब निघाला, तो फुकट बदलून मिळाला. टेम्पोतून गाडी नेण्याचे सहाशे रुपये मात्र अजून आलेले नाहीत. सूनबाईने दुसरा अर्ज लिहायला घेतला आहे.