पाटीवरचं गाव

आमच्या द्वारकेतल्या सोसायटीच्या फाटकापाशी रहिवाशांच्या नावांचा मोठा फलक आहे. ही द्वारका श्रीकृष्णाची नव्हे, दिल्लीची. पूर्वी पप्पनकलां म्हणत त्या भागात दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेलं हे सेक्टरांचं उपनगर. फलकावर शर्मा, गुप्ता, अरोरा, नायर यांच्या रांगेत आमचंही आडनाव आहे. आधी कोकणातल्या एका खेड्याचं लांबलचक नाव आणि शेवटी 'कर'. रंगाऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून त्याने गाव वरच्या ओळीत लिहिलं आणि 'कर' खालच्या ओळीत. तेव्हापासून आम्ही सगळ्यांचे 'कर साहब' आणि 'कर आंटी' झालो. बंगाल-ओडिशात कर हे आडनाव असतंच. त्यामुळे दुर्गापूजेची वर्गणी मागायला येणारी मंडळी आमच्याशी थेट बंगालीत बोलू लागतात!

इतकी वर्षं आम्ही हे हसण्यावारी नेलं. पण परवा लेकीने नववीचा बोर्डाचा नोंदणी अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आई, मी आडनाव काढून टाकू?"

मी पोळी तव्यावरच विसरले. या अर्जात जे नाव जातं तेच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर येतं आणि मग तेच जन्मभर चालतं. लेकीचं म्हणणं सरळ होतं. तीन शिक्षक तिचं आडनाव तीन प्रकारे उच्चारतात. वर्गात हजेरी घेताना तिथे आलं की हशा पिकतो. नुसतं नाव आणि वडिलांचं नाव पुरेसं आहे. वर तिने विचारलं, "आणि ते गाव आपल्यापैकी पाहिलंय कुणी? तू पाहिलंयस? बाबांनी पाहिलंय?"

आम्ही दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. यांचे आजोबा पोटासाठी मुंबईला आले आणि सासरे नोकरीनिमित्त दिल्लीला. गाव राहिलं ते पाटीवर. शिवाय लेकीला 'आडनाव सोडू नकोस' असं सांगायला माझी जीभ रेटेना. माझं माहेरचं आडनाव मी लग्नात एका संध्याकाळी सोडून दिलं होतं, तेही कुणी न विचारता. अर्ज सोमवारी द्यायचा होता. "बघू," एवढंच मी म्हटलं.

यातून वाट दाखवली ती एका पुस्तकाने. शाळेच्या प्रकल्पासाठी लेकीने ग्रंथालयातून भारतीय फुलपाखरांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २००८ मध्ये ते काढलं. फुलपाखरांची नावं लिहिता लिहिता ती थबकली. "आई, हा लेखक परदेशी आहे का गं? नाव आयझॅक आणि आडनाव किहीमकर. म्हणजे आपल्यासारखाच 'कर'!"

परदेशी कुठले? फुलपाखरांचे अभ्यासक म्हणून नावाजलेले आयझॅक किहीमकर मुंबईकडचेच. पण प्रश्न मोठा मजेशीर होता. इंग्रजीत ते आडनाव 'केहीम' अशा अक्षरांनी लिहितात. लेकीने नकाशात केहीम शोधलं, सापडलं नाही. मग मी म्हटलं, "किहीम बघ." अलिबागच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर, समुद्राच्या काठी, नारळी-पोफळीतलं किहीम लगेच सापडलं. पुढचे दोन दिवस आमच्या घरात या एका आडनावाचाच शोध चालला होता. त्यात जे हाती लागलं ते वाचकांनाही सांगावंसं वाटतं.

किहीमकर हे तसं दुर्मिळ आडनाव. गाव सोडणारा कोणत्याही जातिधर्माचा माणूस ते लावू शकतो. पण आयझॅक, सॅम्युएल अशा नावांशेजारी ते येतं तेव्हा त्यामागे एक फार जुनी गोष्ट असते. ती बेने इस्रायली समाजाची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू लोकांची. त्यांच्यात परंपरेने सांगतात, की शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत कोकण किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. हे नवगाव किहीमच्या दक्षिणेला, अगदी जवळ. तिथून ही मंडळी आजच्या रायगड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पसरली. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. घरात बोली मराठी, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, शुभकार्याला गोड पोह्यांचा आणि ओल्या खोबऱ्याचा मलिदा. पुरुषांच्या नावांनासुद्धा मराठी वळण आलं. मुंबईत १७९६ मध्ये ज्यांनी या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात.

मग आडनावं कशी आली? इतर मराठी माणसांची आली तशीच. किहीममध्ये सगळेच किहीमचे. तिथे गावाच्या नावाने माणूस कसा ओळखणार? तिथे तो अमक्याचा मुलगा किंवा तमक्या आळीतला. तोच माणूस मुंबईला आला, कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाला, शाळेच्या किंवा कचेरीच्या पटावर चढला, की पहिला प्रश्न येई, 'राहणार कुठले?' उत्तराला 'कर' जोडला की आडनाव तयार. रोह्याचा रोहेकर, पेणचा पेणकर, नवगावचा नवगावकर. शंभराहून अधिक गावांची नावं या छोट्याशा समाजाने अशी जपली.

म्हणजे गंमत बघा. 'कर' हे आडनाव गावात राहणाऱ्याला क्वचितच लागतं. ते लागतं गाव सोडणाऱ्याला. घर मागे राहतं, शेत मागे राहतं, नाव तेवढं बरोबर येतं.

किहीमकरांमधलं सर्वांत महत्त्वाचं नाव हाईम सॅम्युएल किहीमकर यांचं. त्यांचा जन्म १८३० चा. समाजातली मुलं शिकावीत म्हणून मुंबईत १८७५ मध्ये जी शाळा सुरू झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. पुढे तीच सर एली कदूरी शाळा म्हणून माझगावात नावारूपाला आली. आपल्या लोकांचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवला पाहिजे, या ध्यासाने त्यांनी इंग्रजीत एक मोठा ग्रंथ लिहिला. १८९७ मध्ये तो लिहून झाला, पण छापलेला पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. १९०८ मध्ये ते गेले. ग्रंथ छापला गेला तो १९३७ मध्ये, आणि तोही तेल अवीवला! किहीमचं नाव असं चाळीस वर्षांनी, लेखकाच्या पाठीमागे, समुद्रापार पोचलं.

नंतर माणसंही तिकडे गेली. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर या समाजातली बहुसंख्य कुटुंबं टप्प्याटप्प्याने तिकडे स्थायिक झाली. डिमोना, लोद, रामला, बीरशेबा, अश्दोद अशा शहरांत आज कोकणातल्या खेड्यांची नावं दारांवर आहेत. भारतात उरलेल्या सगळ्या ज्यूंची संख्या २०११ च्या जनगणनेत पाच हजारही भरली नाही. आमच्या दिल्लीत हुमायूं रोडवर १९५६ मध्ये बांधलेलं त्यांचं छोटंसं प्रार्थनामंदिर आहे. द्वारकेहून मेट्रोने तिकडे कितीदा तरी गेले असेन, पण ते तिथे आहे हे मला लेकीच्या पुस्तकामुळे कळलं.

तिकडे त्यांचं सगळं सुखाने झालं असं मात्र नाही. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने एक फर्मान काढलं. बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आई-आजीकडच्या पिढ्यांची चौकशी करा, असं त्यात होतं. ज्या धर्मासाठी गाव सोडलं, त्याच धर्माचे लोक विचारू लागले, तुम्ही खरे आमचे का? ही माणसं गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी निदर्शनं केली. सरकार आणि संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि फर्मानातून त्यांच्या समाजाचं नाव काढावं लागलं.

हे वाचताना मला एक गोष्ट टोचली. चौकशी आई-आजीची होती, आणि आडनावात तर फक्त बापाचं गाव असतं! किहीमकरांच्या घरात लग्न होऊन आलेली रोहेकरांची लेक, तिची पेणकरांकडून आलेली आई, ही गावं कोणत्या पाटीवर लिहिलेली असतात? स्पेनमध्ये माणूस वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावतो. आपल्याकडे आईचं गाव एका पिढीत पुसलं जातं.

'कर' टाकून दिल्याचीही उदाहरणं सापडली. अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेलं आडनाव डॉ. जेरुशा झिराड 'कर' न जोडताच लावत. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख होत्या आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'बूट पॉलिश' या १९५४ च्या चित्रपटातले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर चेऊलकर गळलं आणि मागचं चौल लोकांना कधी कळलंच नाही. उलट गांधीजींवर उपचार करणाऱ्या डॉ. अब्राहम एरूळकरांची मुलगी लीला सायप्रसला सून म्हणून गेली, तिचे पती ग्लाफकोस क्लेरिडिस १९९३ ते २००३ त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि तिच्या चरित्राची पहिली ओळ लिहिताना आजही माहेरचं एरूळकर लिहावंच लागतं.

शेवटी किहीमचीच एक गोड गोष्ट. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये किहीमला राहून सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन ते पारखते आणि पसंत पडलं तरच संसार थाटते, हे त्यांनी तिथे बारकाईने टिपलं. सालिम अलींचं उभं आयुष्य ज्या संस्थेशी बांधलेलं होतं, त्याच संस्थेत पुढे किहीमचं नाव लावणारे आयझॅक अनेक वर्षं काम करत फुलपाखरांच्या मागे हिंडले. लेकीला हे फार आवडलं. "म्हणजे गावच फिरून परत आलं," ती म्हणाली.

रविवारी रात्री तिने अर्ज पुढे ओढला. मी काही बोलले नाही. यांनी वर्तमानपत्र उघडलं, पण पान काही उलटेना. तिने आपलं नाव लिहिलं, यांचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. मग विचारलं, "आई, तुझं माहेरचं गाव कुठलं गं?"

मी सांगितलं. "आणि तुझ्या आईचं?" तेही सांगितलं. "तिच्या आईचं?" इथे मी अडले. लगेच नागपूरला माझ्या मावशीला फोन लावला. मावशी नव्वदीला टेकली आहे. तिने क्षणभरही न थांबता गावाचं नाव सांगितलं, आणि पुढे पाऊण तास त्या गावातल्या विहिरीबद्दल, आंब्याबद्दल आणि एका रागीट काकांबद्दल बोलत राहिली. तो फोन मी आणखी पाच वर्षांनी करायला निघाले असते, तर तो कुणी उचलला असता?

लेकीने अर्जावर आडनाव पूर्ण लिहिलं, 'कर'सकट, एका ओळीत. मी सांगितलं म्हणून नव्हे. तिने नसतं लिहिलं तरी मी रागावले नसते, असं आता वाटतं. आडनाव लावायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण सोडायचं तर त्यात काय आहे हे कळून तरी सोडावं. मी माझं न कळताच सोडलं होतं.

स्वयंपाकघरातल्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर आता आठ गावं लिहिलेली आहेत. चार यांच्याकडची, चार माझ्याकडची. मे महिन्यात त्यातली निदान दोन पाहायची ठरली आहेत, आणि वाटेत किहीमही.

वाचक मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी मावशी, आत्या, आजी असेल. आज जेवणं झाली की तिला एवढंच विचारा, "तुझ्या आईचं गाव कुठलं?" आणि वही-पेन जवळ ठेवा.