नाव पोर्तुगीज, माती आपली

दादर पश्चिमेला गोखले रस्त्यावर 'पोर्तुगीज चर्च' हे ठिकाण प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. पत्ता सांगताना ते नाव सहज ओठांवर येते. मात्र त्या आवारात कधी पाऊल ठेवलेले हिंदू कुटुंब शोधावे लागेल. वास्तविक ही वास्तू आवर्जून पाहण्याजोगी आहे आणि तिच्या नावाचा विचार करण्याजोगाही आहे.

फ्रान्सिस्कन पंथीय पाद्र्यांनी 1596 मध्ये येथे पहिले चर्च उभारले. आजची इमारत विख्यात वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी 1970 च्या दशकात रचली. पाश्चात्त्य चर्चच्या लांबट सभागृहाचा साचा त्यांनी बाजूस सारला. एकमेकांत उघडणारी दालने, मधली अंगणे आणि निमुळत्या घुमटांच्या माथ्यावरून उतरणारा प्रकाश, अशी मुंबईच्या हवामानाला साजेशी ही रचना आहे. वाडा आणि अंगण यांत वाढलेल्या मनाला ती परकी वाटत नाही.

परके आहे ते नाव. मुंबई बेट 1665 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. पोर्तुगीज सत्ता गेली, तरी साडेतीनशेहून अधिक वर्षे तिचे नाव मात्र टिकले. मुंबईच्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिक समाजाचेही असेच झाले. गोवा आणि मंगळूर येथून नोकरीसाठी आलेल्या धर्मबांधवांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी या समाजाने 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. पश्चिम किनाऱ्यावरच्या भूमिपुत्रांना ओळख मिळाली ती एका इंग्रज व्यापारी कंपनीच्या नावाची! वसाहतवादाची मगरमिठी किती खोल असते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

नावाखाली मात्र माती आपलीच आहे. या समाजाच्या लग्नात 'उंबराचे पाणी' आणण्याचा विधी आहे. त्यांच्या स्त्रियांचा पारंपरिक वेश लुगडे आहे आणि लग्नातली गाणी मराठी आहेत. उपासनापद्धती बदलली, पूर्वज बदलले नाहीत.

हे धर्मांतर कसे घडले, याचा विसर पडता कामा नये. पोर्तुगीज अमलात साष्टी-वसई परिसरातील देवळे पाडली गेली. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यामागे हीच वेदना होती. पण ज्यांनी जुलूम केला ते समुद्रापार निघून गेले. येथे राहिले ते, ज्यांच्यावर ती सत्ता चालली त्यांचे वंशज. आक्रमकाचा हिशेब त्यांच्याकडे मागणे हा इतिहासाचा विपर्यास होय.

प्रश्न विचारायचाच, तर तो भाषेचा विचारावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962-65) लोकभाषेतील उपासनेचे दार उघडले. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये 'क्रिस्तपुराण' मराठीत छापले होते. आज मुंबईतील अनेक ईस्ट इंडियन घरांत मात्र इंग्रजी स्थिरावली आहे. ती घरे मराठीकडे परतावीत, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र अपेक्षा करणाऱ्याचेही कर्तव्य असते. 'सुबोध बायबल' मराठीत आणणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची 2020 च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून आक्षेप घेतले गेले. मराठीला जवळ करणाऱ्यालाच दूर लोटले, तर इतरांनी कोणत्या भरवशावर जवळ यावे?

धर्मांतराच्या कारवायांना विरोध करणे आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला आपले मानणे, यांत विसंगती नाही. ज्यांना हा समाज राष्ट्रजीवनाच्या मुख्य प्रवाहात हवा आहे, त्यांनी आधी त्याच्या अंगणात जावे. गोखले रस्त्यावरून जाताना एकदा थांबावे, आत जाऊन ती वास्तू पाहावी, तेथल्या माणसांशी मराठीत चार शब्द बोलावेत. साडेतीनशे वर्षांचे परके नाव पुसण्याची सुरुवात अशा लहान कृतीनेच होईल.