शब्दांच्या मुळाशी : हेरसी



माझी मुलगी नववीत आहे. परवा गॅलिलिओची माहिती वाचताना ती 'हेरसी' या इंग्रजी शब्दाला अडली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत धरल्याबद्दल १६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयाने त्याच्यावर 'हेरसी'चा दाट संशय ठेवला आणि मरेपर्यंत त्याला नजरकैदेत राहावे लागले. शब्दकोशात अर्थ निघाला 'पाखंड'. ती म्हणाली, "पप्पा, वर्गातली एक मुलगी मला म्हणाली होती, तुम्ही लोक पाखंडी, तुम्ही धर्म सोडला."

शब्द चांगलाच जिव्हारी लागणारा निघाला. म्हटले, याचे मूळ पाहूच.

मूळ ग्रीक आहे : 'हायरेसिस'. अर्थ एवढाच की घेणे, निवडणे. पुढे माणूस जो विचार निवडतो तो पंथ, ती विचारशाळा, असा अर्थ झाला. त्यात शिवी नव्हती. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस आपल्याच समाजातल्या पंथांना हाच शब्द लावतो. पण ख्रिस्ती धर्मपीठ बळकट झाले, सत्य एकच आणि ते आमच्याजवळ असे ठरले, तेव्हा स्वतः निवडणारा गुन्हेगार झाला. इंग्लंडमध्ये १४०१ साली अशांना जिवंत जाळण्याचा कायदाच झाला. ती शिक्षा १६७७ साली रद्द झाली. विल्यम टिंडेलने बायबल सामान्य माणसाच्या इंग्रजीत आणले. त्याला १५३६ साली खांबाला बांधून, गळा आवळून मारले व प्रेत जाळले. धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत गेला की कोणाचे पोट दुखते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता आपला 'पाखंड' पाहा. त्याचीही कथा तीच! सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' हा शब्द आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे पंथ. सर्व पासंडांचा आपण सन्मान करतो, आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा उगाच करू नये, असे राजा सांगतो. म्हणजे अशोकाच्या राज्यात 'पाखंडी' ही शिवी नव्हती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मात्र राजाला आज्ञा आहे की जुगारी आणि पाषंडी यांना नगरातून हाकलून द्यावे. दोघे एकाच पंक्तीत! त्याच मनुस्मृतीचे महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी दहन झाले.

मी मुलीला म्हणालो, "बाळा, त्या मैत्रिणीला सांग, आम्ही धर्म सोडला एवढेच अर्धे बोलू नकोस. आम्ही निवडला." बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा केली आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली २१ वर्षे ते धर्म पारखत होते. बाजारात मडके घेतानाही आपण वाजवून घेतो. माझे आजोबा गिरणी कामगार. त्यांनी ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली. सही करता येत नव्हती, पण निवड त्यांची स्वतःची होती.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पणजोबांनी निवडला. तुम्ही कुठे निवडला? आणि मी?"

खरे सांगतो, मला पटकन उत्तर सुचले नाही. बावीस प्रतिज्ञा मला लहानपणीच पाठ होत्या, पण अर्थ फार उशिरा कळला. विहारात आपण मुलांकडून वंदना घोकून घेतो. प्रश्न विचारला की "गप्प बस" म्हणतो. मग परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतात म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आपण कोण?

कपाटातला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' तिच्या हातात दिला. म्हटले, वाच, न पटले तर भांड माझ्याशी. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी कथा ती विहारात ऐकत आली, तिच्यावर खुद्द बाबासाहेबांनीच प्रास्ताविकात शंका घेतली आहे, हे पाहून ती चकित झाली. सध्या पहिल्या खंडात आहे. रोज रात्री जेवताना दोन-तीन प्रश्न असतात. एकाचे उत्तर मला येते.