उपासाने गाठ मरत नाही

बऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. तरीही इथल्या एखाद्या घरात कॅन्सरचे निदान झाले की पहिला घाला रुग्णाच्या ताटावर पडतो. केळे बंद, गूळ बंद, हळूहळू भात आणि भाकरीही बंद. ‘कॅन्सर साखरेवर पोसतो’ असे कुणीतरी सांगितलेले असते.

हे निम्मे खरे आहे आणि म्हणूनच घातक आहे. कॅन्सरच्या पेशी भरपूर प्राणवायू मिळत असतानाही ग्लुकोज अधाशासारखे ओढतात आणि त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, हे ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1920च्या दशकातच दाखवले. पेट स्कॅन याच गुणावर चालतो. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि ती कुठे साचते ते पाहतात.

पण ही भूक मोडते ती औषधाने. जठर-आतड्यांतल्या ‘जिस्ट’ या गाठीवर इमॅटिनिब ही गोळी लागू पडली की काही दिवसांतच पेट स्कॅनवरची चमक मावळते. सीटी स्कॅनवर गाठ मात्र अजून तेवढीच दिसत असते. पेशीला ‘वाढ’ म्हणणारा बिघडलेला इशारा औषध तोडते, त्यामुळे साखर आत घेणारी तिची दारे कमी होतात. गोळी थांबवली की ती ओढ परत येते. शिवाय औषधातून तगलेल्या काही पेशी मेद किंवा ग्लुटामिन अशा दुसऱ्या इंधनावर निभावून नेतात. ताटातली साखर तोडून त्यांचे काय बिघडणार?

उपाशी माणसाच्या रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती तयार करते आणि त्यासाठी स्नायू झिजतात. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो, खंगतो तो रुग्ण. वजन उतरलेल्या शरीराला केमोथेरपी सोसत नाही. डोस कमी करावा लागतो, कधी उपचारच थांबतो. मुंबईला टाटा रुग्णालयात जायला गाडीत बसणाऱ्या माणसाच्या अंगात प्रवासापुरतेही त्राण उरू नये, ते केवळ आपल्या गैरसमजापायी, हे थांबलेच पाहिजे.

मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवा. एरवी रुग्णाला डाळ, दूध, अंडी, भाकरी आणि आपल्या शेतातले केळे झेपेल तेवढे खाऊ द्या. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.