वेगाचा मान कुणाचा?

डोलवीच्या पोलाद कारखान्यातून निघालेल्या ट्रेलरवर वीस-पंचवीस टनांची कॉइल साखळदंडांनी आवळून बांधलेली असते. पेण तालुक्यात वडखळजवळ, अंबा नदीच्या काठी असलेला हा कारखाना मूळचा इस्पात इंडस्ट्रीजचा. २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूने तो घ्यायचे ठरवले, आणि आज त्याची क्षमता वर्षाला १ कोटी टनांची आहे. याच उद्योगसमूहाची भागीदारी असलेल्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये एमजी सायबरस्टर ही विजेवर चालणारी दोन आसनी स्पोर्ट्स कार भारताच्या बाजारात आणली. किंमत पाऊण कोटीच्या घरात, ताकद ५१० अश्वशक्ती, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.२ सेकंदांत. ती डोलवीतच काय, भारतातही बनत नाही. पूर्ण बांधलेली आयात होते. कॉइलचा ट्रेलर आणि ही कार एकाच महामार्गावर समोरासमोर आल्या, तर लोकांच्या माना कुणाकडे वळतील हे सांगायला नको. त्या माना वळण्याबद्दल माझी तक्रार नाही. देखणे यंत्र पाहावेसे वाटणारच. पण पाहता पाहता त्या कौतुकाचा आदर होतो, आणि तो आदर गाडीवरून उतरून मालकाच्या खांद्यावर जाऊन बसतो. तो कशाच्या आधारावर, हे तपासायला हवे.

या गाड्यांचे नाव मुळात खोटे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. फ्रान्समधील ले मान्स येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होते. त्यात गाडी एकदा जोरात पळून भागत नाही. दिवसभर आणि रात्रभर तोच वेग टिकवावा लागतो, शेकडो वेळा ब्रेक दाबल्यावरही ते तितकेच लागावे लागतात, इंजिनाने उष्णता सोसावी लागते. पोर्शने ही शर्यत १९ वेळा जिंकली आहे. १९५३ मध्ये जॅग्वारने तिथे डिस्क ब्रेक लावून विजय मिळवला, आणि आज आपल्याकडच्या साध्या मोटरसायकललाही डिस्क ब्रेक असतो. अशा कसोटीतून जे नाव मिळते ते कमावलेले असते. पैलवानाचे नाव आखाड्यात होते, तसे या गाड्यांचे झाले. म्हणून त्यांना नुसते श्रीमंतांचे खेळणे म्हणून निकालात काढणारी टीका मला उथळ वाटते. ती टीका करणारे बहुधा अभियंत्यांच्या दोन-तीन पिढ्यांचे श्रम विसरतात.

पण आखाडा सोडून पैलवान बाजारात आला, तर त्याची ताकद कशावर मोजायची? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, घाटात त्याहून कमी. राज्यातला सर्वांत ओळखीचा वेगवान रस्ता हा, आणि त्यावरही ताशी ३०० किलोमीटर धावू शकणाऱ्या गाडीची दोन तृतीयांश क्षमता कायद्यानेच मिटून ठेवावी लागते. डोलवीच्या अंगणातला मुंबई-गोवा महामार्ग तर वेगळीच कहाणी सांगतो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटले तरी पुरे झाले नाही. पावसाळ्यात खड्डे, खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक, मध्येच संपणारा रस्ता आणि रात्री न दिसणारे वळण. या रस्त्यावर जमिनीपासून जेमतेम १२-१३ सेंटीमीटर उंच असलेली सुपरकार ताशी ३० च्या वेगाने, दर गतिरोधकाला तिरकी होत चालते. अलिबागकडे बंगले असलेल्या मुंबईकरांना मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जहाजाने जाता येते, म्हणजे वडखळचा रस्ताच टाळता येतो. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोकण रेल्वेने रोहा तालुक्यातल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत खासगी मोटारी रेल्वेवर चढवून नेण्याची सोय सुरू केली. ट्रकसाठी ती तिथे १९९९ पासूनच आहे. ज्या प्रदेशात प्रवासासाठी गाडी जहाजावर किंवा रेल्वेवर चढवणे शहाणपणाचे ठरते, तिथे गाडीच्या सर्वोच्च वेगाला रस्त्यावरची कसोटी म्हणून काहीच अर्थ उरत नाही.

वेग घेण्याची चपळाई तरी शिल्लक आहे, असे कुणी म्हणेल. त्या चपळाईचेही आता काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९६४ ची पहिली पोर्श ९११ म्हणजे १३० अश्वशक्तीची गाडी. शून्यापासून १०० ला पोहोचायला तिला नऊ सेकंदांच्या आसपास लागत. ज्या गाडीवर पुढच्या साठ वर्षांची दंतकथा उभी राहिली तिचा हा आकडा. आज चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६, मोठ्या बॅटरीची असेल तर, तोच वेग ६.७ सेकंदांत गाठते, असे कंपनी सांगते. ही गाडी एखाद्या नोकरदार जोडप्याला कर्ज काढून घेता येते. विजेच्या मोटरने चपळाई स्वस्त केली आहे. खरे जातिवंत यंत्र तरीही वेगळे असते. वळणावरचा तोल, सुकाणूतून हाताला कळणारा रस्ता, विसाव्या फेरीलाही न ढेपाळणारे ब्रेक, हे पैसे देऊनच मिळते आणि मिळायला हवे. पण यातली एकही गोष्ट फुटपाथवर उभे राहून गाडीकडे पाहणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो आवाज, रंग, बिल्ला आणि किंमत. आवाज आणि रंग तर कशालाही देता येतो. म्हणून आपल्याकडे या गाड्यांना मिळणारी प्रतिष्ठा प्रत्यक्षात किमतीची प्रतिष्ठा असते, आणि किमतीने कसोटीचे कपडे घातलेले असतात.

महाराष्ट्रात हे सर्वांत उघडपणे घडले ते ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत. तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकाच वेळी १५० मर्सिडीज खरेदी केल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. आपले शहर गुंतवणुकीच्या नकाशावर यावे, ही त्यांची इच्छा त्यांनी लपवली नव्हती, आणि त्या इच्छेत वाईट काही नाही. पण स्टेट बँकेने त्या खरेदीसाठी सुमारे ७ टक्के दराने ४० कोटींहून अधिक कर्ज दिल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिले, तेव्हा चित्राची दुसरी बाजू समोर आली. त्याच मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी याहून कितीतरी अधिक व्याज मोजत होता. ट्रॅक्टर पीक उभे करतो, मोटार मालकाला घरून कार्यालयात नेते. बँकेच्या दृष्टीने मोटारीचा मालक अधिक भरवशाचा होता, हे तिचे गणित बरोबरही असेल. तरी प्रतिष्ठेचा भाव व्याजाच्या दरात उतरलेला इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

व्याजाच्या दरावर ही गोष्ट थांबली असती तर वर्तमानपत्रातली जागा तिच्यासाठी खर्च करायची गरज नव्हती. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्श टायकानच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंते ठार झाले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, आणि त्यावर देशभर संताप उसळला. मला त्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट तितकीच बोचते. कोट्यवधींच्या त्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे महिनोन्‌महिने अडली होती, हे परिवहन खात्यानेच नंतर सांगितले. गावातला पोरगा जुन्या दुचाकीवर नंबरपाटी नसताना चौकातून गेला, तर शिट्टी वाजते. नंबरपाटी नसलेली पोर्श चौकातून गेली, तर लोक मोबाइल बाहेर काढतात. यात केवळ पोलिसांना दोष देऊन चालणार नाही. आपण सर्वांनी मिळून त्या गाडीला जो मान दिला, त्याच मानाने शिट्टी ओठांवर थांबवली. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली. त्यातले बहुतेक मृत्यू अर्थातच साध्या वाहनांचे आहेत, महागड्या गाड्यांचे नाहीत. पण वेग म्हणजे मोठेपणा, हा धडा साधी वाहने चालवणारे कुठून घेतात, याचा विचार करावाच लागेल.

महाग गाड्या अधिक सुरक्षित असतात आणि त्यांच्यातले तंत्र पुढे सामान्यांपर्यंत झिरपते, हा या गाड्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे. तो बऱ्याच अंशी खरा आहे. चाके न जखडता ब्रेक लावणारी एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. आज ती आपल्या छोट्या मोटारींत सक्तीची आहे. पण जीव वाचवणाऱ्या शोधांपैकी सर्वांत मोठा, तीन ठिकाणी बांधणारा सीटबेल्ट, व्होल्वोने १९५९ मध्ये आणला आणि त्याचे पेटंट सर्वांसाठी खुले ठेवले. त्या कंपनीचा मान तिच्या वेगासाठी नव्हता. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती टाटा नेक्सॉन, पुण्याजवळ रांजणगावला बनणारी. आणि ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते चांगल्या मर्सिडीजमध्येच होते. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. ते दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ४० मीटर संपलेले असतात, आणि हे ४० मीटर गाडीच्या किमतीने एक इंचही कमी होत नाहीत. ब्रेकचे काम त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट केला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले गणित शोरूममध्ये बदलत नाही.

राहिला मत्सराचा आरोप. या गाड्यांवर जबर कर बसतो, सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंजिनांच्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी आहे, मग स्वतःच्या पैशाने कुणी हौस केली तर इतरांच्या पोटात का दुखावे? हौसेला माझा विरोध नाही, पण मराठी माणसाला कौतुक आणि सवलत यांतला फरक चांगला कळतो, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली, तेव्हा त्याला भेट म्हणून फेरारी मिळाली. मायकल शूमाकरच्या हातून ती मिळावी, याचा इथे सर्वांना आनंद झाला. पुढच्या वर्षी त्या गाडीवरचे एक कोटीहून अधिक सीमाशुल्क माफ करण्याचा निर्णय आला, आणि त्याच लोकांनी नाराजी व्यक्त केली. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर गाडी देणाऱ्या फियाट कंपनीने शुल्क भरले. सचिनवरचे प्रेम तसूभरही कमी झाले नाही. त्याच्या फलंदाजीचा मान त्याचाच होता. गाडीला मिळालेली सूट मात्र त्या मानाचा भाग नव्हती, हे लोकांनी अचूक ओळखले. हौशी माणसांनी वेग जरूर अनुभवावा. त्यासाठी मध्य प्रदेशात पिथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरची वेगवान चाचणी-धावपट्टी झाली आहे, आपल्या अहिल्यानगरला लष्करी वाहनांच्या व्हीआरडीईकडे चाचणीचे मार्ग आहेत. महाराष्ट्रात मोटारी बनवणारे चाकण, रांजणगाव, शेंद्रा आहे, पण साध्या हौशी माणसाला दिवसाचे पैसे भरून कायदेशीरपणे गाडी पळवता येईल असा मोठा मार्ग उभारण्याचा आग्रह धनिक गाडीमालकांच्या एकाही संघटनेने लावून धरल्याचे ऐकिवात नाही.

सरकारकडे एक मागणी मात्र आजच करता येते. कायम नोंदणी झाल्याशिवाय कोणत्याही गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती देणे बंद करावे, आणि शोरूमने तसे केले तर त्याचा परवाना अडवावा. आरटीओच्या संगणकाला ५ लाखांची गाडी आणि ५ कोटींची गाडी सारखीच दिसते. तपासणाऱ्या माणसालाही तशी दिसायला हवी. गणपतीच्या आधीच्या दिवसांत पेण, हमरापूर, जोहेच्या कारखान्यांतून निघालेले टेम्पो याच महामार्गाने जातात. मूर्तींना गवत-चिंध्यांचा आधार दिलेला असतो, प्रत्येक खड्ड्याआधी गाडी जवळजवळ थांबते, आणि चालक मागे वळून बघतो की बोट, कान, सोंड शाबूत आहे ना. त्या चालकाला कुणी रस्ता सोडत नाही, मागून हॉर्न वाजत राहतात. महामार्ग पोलिसांनी या श्रावणापासून वडखळच्या नाक्यावर नंबरपाट्या तपासायला सुरुवात करावी, आणि ती सर्वांत महागड्या गाडीपासून करावी.