मेड इन कुठलं?

कॅमेरा हातात दिला की आमच्या बीडचा माणूस तो आधी उलटा करतो. काच बघणार नाही, बटण दाबणार नाही. बुडाशी ‘मेड इन’च्या पुढं काय छापलंय तेवढं वाचणार. जपान असलं तर मान डोलते. थायलंड निघालं की चेहरा असा, जणू पंगतीत जिलबीऐवजी गुळाचा खडा वाढला!

आमच्या बँकेत लग्नाचे फोटो काढणारी पोरं कर्जाला येतात. कोटेशन पाहून जामीनदार मामा विचारतात, “साहेब, माल जपानचाच ना?” नाही म्हटलं की मामा उठले. मग पोरगं सावकाराकडून महिना शेकडा तीननं पैसे उचलतं आणि बिनबिलाचा, बिनवॉरंटीचा ‘ओरिजिनल जपान’ घरी आणतं.

अहो मामा, निकॉननं थायलंडात कंपनी काढली १९९० साली. २०११ च्या पुरात तिथल्या कारखान्यात पाणी शिरलं, तर जगभर त्यांच्या कॅमेऱ्यांची ओढाताण झाली. बडेबडे फोटोग्राफर थायलंडचाच माल गळ्यात घालून हिंडत होते, त्यांना कुणी जामीनदार भेटला नाही इतकंच. जर्मन लायकाचा रुबाब केवढा! पण त्या कंपनीचा कारखाना १९७३ पासून पोर्तुगालात आहे. बरंचसं काम तिकडं होतं, शेवटचा हात जर्मनीत फिरतो, शिक्का जर्मनीचा.

हे बीडच्या माणसाला मी सांगायचं? दरवर्षी आपली माणसं बिऱ्हाड बांधून कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तिथल्या साखरेच्या पोत्यावर बीडचं नाव कधी वाचलंत?

स्वस्त लेन्सची कडी प्लॅस्टिकची असते, कबूल. पण ती थायलंडच्या कामगारानं हौसेनं बसवलेली नसते. किमतीचा हिशेब करून ती टोकियोतल्या साहेबानं ठरवलेली असते. शिव्या द्यायच्या तर पत्ता तरी बरोबर लिहा. सीताफळाचं गाव जरूर विचारा, त्याला माती लागते. कॅमेरा काही बालाघाटच्या डोंगरावर उगवत नाही.

मामा, विचारायचंच तर हे विचारा: बिल पक्कं आहे का? वॉरंटी भारतात चालते का? आणि नवरदेव घोड्यावर असताना बटण अडलं, तर दुरुस्तीला पुण्याची एसटी धरायची की मुंबईची?