टॉवर मोजतो, पण कुणाला?

आपल्या मेसमध्ये रोज किती मुलं जेवतात, हे मेस सेक्रेटरीला विचारून बघा. तो ताटं मोजून आकडा सांगेल. पण कोणाचा पाहुणा जेवून गेला आणि कोण टपरीवर वडापाव खाऊन झोपला, हे त्याच्या वहीत नसतं. पर्यटक मोजणाऱ्यांचंही असंच चालायचं. हॉटेलच्या रजिस्टरात नाव असेल तर पर्यटक, नाहीतर नाही!

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश. समुद्रापलीकडे सुमारे ८० किलोमीटरवर फिनलंडची राजधानी हेलसिंकी. बोटीने दोनेक तासांत माणूस टॅलिनला उतरतो, खरेदी करतो, जेवतो आणि संध्याकाळी परत! हॉटेलवाल्याला याचा पत्ताच नाही. तार्तू विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक राइन आहास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वेगळा मार्ग काढला. परदेशी सिमवरून कॉल किंवा एसएमएस झाला, की वेळ आणि टॉवर यांची नोंद कंपनीकडे होतेच, कारण बिल करायचं असतं. सिम कोणत्या देशाचं, हे त्याच्या ओळख-क्रमांकाच्या पहिल्या तीन अंकांवरून कळतं. फिनलंडचे २४४, आपले ४०४ किंवा ४०५. फोन नंबर काढून त्याजागी कुठलातरी क्रमांक द्यायचा आणि पाहुणा टॅलिनहून पुढे पार्नूच्या किनाऱ्यावर गेला की तार्तूला, हे नकाशावर मांडायचं. २००८ साली त्यांचा यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. २०१६ पासून इंडोनेशियानेही सीमाभागातले परदेशी पाहुणे मोजायला हीच युक्ती वापरली.

कल्पना झकास आहे, यात वादच नाही. फॉर्म भरायला नको, कोणाला थांबवायला नको. पण आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा मीटरचं रीडिंग वाचण्याआधी मीटर तपासायला हवा. टॉवर माणसं मोजत नाही, सिम मोजतो. दोन फोनवाला दोनदा मोजला जातो, इथलं सिम विकत घेणारा परदेशी म्हणून दिसतच नाही. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार गेला. आता फिनलंडचा माणूस बिनधास्त फोन वापरणार आणि संघाबाहेरचा रशियन मात्र हात आखडता घेणार. नोंदी वाढल्या म्हणून पर्यटक वाढले, असं म्हणायचं का? आणि अशा आकड्यांवर कोणी बस सुरू केली किंवा बंद केली, तर स्टॉपवर ताटकळणार कोण?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. 'नाव काढलंय, मग काळजी कसली?' असं आपण सहज म्हणतो. २०१३ साली द माँजॉय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. कोण कुठे आणि कोणत्या तासाला होता, अशा फक्त चार नोंदी ९५ टक्के लोकांना बाकीच्यांपासून वेगळं ओळखायला पुरल्या! हॉस्टेलवर तर इतक्याही लागत नाहीत. रात्री दोनला कॅन्टीनमागे कोण असतो, हे रेक्टर सरसुद्धा नाव न विचारता सांगतील.

म्हणून माझं मत असं : ही पद्धत जरूर वापरावी, पण एकेका माणसाची वाट कंपनीबाहेर जाऊ नये, बाहेर जावी ती फक्त बेरीज. जिथे मोजकेच लोक असतील, तिथला आकडा छापूच नये. आणि प्रत्येक आकड्याखाली 'यात कोण मोजलं गेलेलं नाही' ही एक ओळ सक्तीची असावी.

आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही ती ओळ लिहायला काय हरकत आहे?